रांगेतली पहिली जागा

नाही हलणार. — लाव, हात लाव बघू, लावून तरी बघ. — नाही ना लावत? मग झालं. मघापासून ‘आजी, जरा बाजूला, आजी, जरा बाजूला’ — आजी कुणाची गं मी? तुझी? तुझी आजी असते तर कागदांची चळत छातीशी धरून, कानात ते बटण खुपसून, सकाळी सकाळी म्हाताऱ्या माणसाला फुटपाथवरून हाकलायला पाठवलं असतं होय तुला? शिकलीसवरलेली दिसतेस, तर कान देऊन ऐक — तो दुसरा, बटण नसलेला. ही माझ्या पायाखालची फरशी आहे ना, बँकेच्या दारापासून पहिली, ही माझी आहे. विकत घेतलेली नाही, उभी राहून मिळवलेली. पन्नास वर्षांपूर्वी ही बँक ह्याच दारात, ह्याच एका खोलीत सुरू झाली, तेव्हा रांगेत पहिली मी होते. आज तुम्ही बँकेच्या पन्नाशीला ती रांग पुन्हा लावताय, नाटकातली माणसं आणून, जुन्या काळचे कपडे घालून — लावा, चांगली गोष्ट आहे — पण पहिली कोण, तर ती साबणाच्या जाहिरातीतली बाई? ती? तिची आई तरी जन्मली होती का तेव्हा?

यादी, यादी काय लावलंयस! तीनदा वाचून दाखवलीस. तीस नट, एक नटी, चार छत्र्या, दोन सायकली. सायकली यादीत आहेत आणि मी नाही. बरं, नसू दे. तुझी यादी परवा-तेरवा टाइप झाली असेल, मी त्याच्या आधीपासून उभी आहे. — कोण? तू कोण म्हणालीस? समारंभ करून देणारी कंपनी? म्हणजे बँकेची तू नाहीसच! काल लग्न लावलं असेल, उद्या कुणाचा वाढदिवस असेल, आज बँक — आणि मला विचारतेस, ‘तुम्ही बँकेच्या कोण?’ वा गं वा!

काय म्हणालीस? धाकटे साहेब अकराला येणार, गाडीतून उतरणार, रांगेतल्या पहिल्या ग्राहकाशी हात मिळवणार, आणि तो फोटो मुख्य कार्यालयात लागणार? त्या काचेच्या बत्तीस मजली इमारतीत? दारातच? भिंतीएवढा? — अगं, हे सांगून तू माझं मन वळवायला बघतेस की आणखी घट्ट करायला? भिंतीएवढा! मग तर पाऊल नाही उचलत. माझी सून — बाई वाईट नाही, पण मोजूनमापून बोलणारी — परवा शेजारणीला सांगत होती, ‘सासूबाईंनी तशी नोकरीबिकरी काही केली नाही, बँकेत जाऊन उभ्या राहायच्या नुसत्या.’ नुसत्या! नऊ वर्षं, एक्केचाळीस शाखा, ऊन नाही बघितलं, पाऊस नाही बघितला, धाकटं पोर पोटात असताना सोळावी शाखा उभी केली — आणि म्हणे नुसत्या! त्या फोटोखाली एकदा नेऊन तिला उभं करायचंय मला. बोलायचं काही नाही. मान वर करून बघू दे तिला, भिंतीवर कोण आहे ते. म्हणून आज घरात कुणाला न सांगता, पहिली बस पकडून आलेय मी. कळलं? आता हाकल.

पैसे भरायला गं. पैसे भरायला उभी राहायची. ग्राहक होते ना मी. — हो, एक्केचाळीसही शाखांत. एका बाईची एक्केचाळीस खाती असू नयेत असा कायदा आहे का? — आता आहे? आता असेल. आता तर रांगेत हसायलाही बंदी असेल, तुझ्या ह्या नटांकडे बघून वाटतंय तसं. बघ की जरा मागे वळून! ही रांग आहे? हे तर कुंपणाचे खांब पुरल्यासारखे उभे आहेत, दोघांमध्ये हातभर अंतर, प्रत्येकाची मान सरळ. अशी कुठे रांग असते? रांग म्हणजे पोट पुढच्याच्या पाठीला लागायला पाहिजे. दर चार माणसांमागे एक घड्याळ बघणारा लागतो. एक मधे घुसायला टपलेला लागतो, आणि त्याला ‘ओ, इकडे आम्ही काय देखावा आहोत का’ म्हणून हटकणारी एक बाई लागते. वजन एका पायावर ठेवायचं, मग दुसऱ्या पायावर — सगळ्यांनी एकदम नाही गं, कवायत होते त्याची, आपापलं. आणि कुरकुर! सगळ्यात महत्त्वाची कुरकुर. ‘आत काय झोपलेत का’, ‘माझा तवा तापत ठेवून आलेय’, ‘वशिल्याचे लोक मागच्या दाराने जातात’ — ही कुरकुर नसेल ना, तर लोकांना संशय येतो. खूश दिसणारी रांग खोटी वाटते. मी माझ्या बायकांना पहिल्याच दिवशी हे सांगायची, रोजंदारी ठरवायच्याही आधी—

काय? — रोजंदारी? कुठे म्हणाले रोजंदारी? — म्हणाले का? — बरं, म्हणाले तर म्हणाले. आधी ते कानातलं काढ. पलीकडे कोण ऐकतंय? कुणी नाही ना? मग असं इकडे ये, छत्री धर माझ्या डोक्यावर, आहेत ना यादीत चार, आणि ऐक. खालच्या मानेने सांगत नाहीये मी, मान वर करून सांगतेय. काम होतं ते.

मोठे साहेब — धाकट्यांचे वडील, गेले बिचारे — आधी घड्याळं विकायचे. तेव्हा सरकारी बँक एकच होती गावात, दगडी, तिच्यात माणूस सकाळी दाढी करून गेला की दुसरी दाढी वाढवून बाहेर यायचा. आणि सावकार होते. मधे काही नव्हतं. मग सरकारने खासगी बँकांना परवाने द्यायला सुरुवात केली, साहेबांनी अर्ज ठोकला, पाच भागीदार गोळा केले, ही खोली भाड्याने घेतली. कारकून दोन, खिडकी एक. तिजोरी जुन्या बाजारातून आणलेली, हत्तीच्या पिल्लाएवढी, आणि तिची किल्ली — हसू नकोस — आतच राहिलेली. कधीच उघडली नाही ती. दाराशी ठेवली होती, रस्त्यावरून दिसावी म्हणून. पैसे कुठे ठेवायचे? हेडक्लार्कच्या जेवणाच्या डब्यात. चार पुडांचा डबा, खालच्या तीन पुडांत बँक, वरच्यात त्याचं जेवण. सगळं चोख होतं, फक्त लोक नव्हते. पंधरा दिवस चिटपाखरू आलं नाही. — पत्रकात काय लिहिलंय? ‘पहिल्याच दिवशी लोटलेला उत्स्फूर्त जनसमुदाय’? बाई गं! पहिल्या दिवशी एक पोस्टमन आला होता, तोही पत्ता चुकून.

आणि शेजारी, आता ते नोटा फेकणारं यंत्र बसवलंय ना तिथे, दाताचा डॉक्टर. मी त्याच्याकडे हत्यारं उकळायला होते. त्याच्या दारात ही गर्दी! रोज! साहेब आपल्या रिकाम्या बँकेच्या दारात उभे राहून तिकडे बघत बसायचे, मला तर कीव यायची. एक दिवस मला म्हणाले, ‘बाई, ह्याच्याकडे लोक दुखवून घ्यायला येतात, वर पैसे देतात. मी फक्त ठेवा म्हणतोय, उलट व्याज देतो म्हणतोय. ह्याच्याकडे असं काय आहे जे माझ्याकडे नाही?’ मी म्हटलं, ‘रांग.’ एवढंच म्हटलं, आणि बादली उचलून आत गेले. दुसऱ्या दिवशी साहेब डॉक्टरच्या मागच्या दाराने आले, टोपी हातात, आणि विचारलं — ‘दुपारी मोकळ्या असता का?’

त्या दुपारी ह्या फरशीवर मी पहिल्यांदा उभी राहिले. एकटी. काखेला पिशवी, पिशवीत साहेबांनी दिलेल्या नोटा. खातं नंबर एक माझ्या नावावर. पाव तास कुणी नाही. मग एक गृहस्थ मागे येऊन उभे, गाल हा एवढा सुजलेला. विचारतात, ‘रांग कशाची?’ मी म्हटलं, ‘पुढे कळेल.’ राहिले उभे! तो उभा राहिला म्हणून आणखी दोघं, ती दोघं म्हणून आणखी चौघं. खिडकीशी पोचल्यावर कारकुनाने त्या गृहस्थांना विचारलं, किती भरायचे? बिचाऱ्यांना तोंड उघडता येईना, त्यांनी खिशात होते ते सगळे काढून ठेवले. खातं नंबर दोन. बँकेचा पहिला खराखुरा ठेवीदार तो, दाढ तशीच घेऊन घरी गेला.

बघतेस काय अशी? तिथून पुढे घोडदौड. एकटीने भागेना म्हणून मी जावेला आणली, दोन नणंदा आणल्या, वरच्या मजल्यावरची शिंपीण आणली — बारा जणी झालो. दुसरी शाखा बाजारात, तिसरी बंदरावर, चौथी गिरणीच्या फाटकासमोर. बँकेचा ट्रक निघायचा, पुढे टेबलं, मधे आम्ही बारा जणी, मागे तिजोरी. हो, साहेबांनी प्रत्येक शाखेला किल्ली नसलेलीच तिजोरी घेतली, म्हणायचे स्वस्त पडतात. काम तीन दिवसांचं. पहिल्या दिवशी आम्हीच. दुसऱ्या दिवशी आम्ही पुढे आणि गाव मागे. तिसऱ्या दिवशी एकेकीने पुढून गळायचं, कुणाच्या लक्षात न येता, की उरली ती खरी रांग. मग ट्रकमध्ये बसून पुढची शाखा. मोठमोठ्या परदेशी बँकांनी म्हणे साहेबांना बोलावून विचारलं होतं, ‘इतक्या लवकर एवढ्या शाखा कशा रुजवल्यात?’ साहेब म्हणाले, ‘लोकांचा विश्वास.’ घरी आले आणि आमचा रोज वाढवला.

आणि फुकट नाही गं घालवला वेळ. शाळेचं तोंड बघितलेलं नाही मी. पण रांगेत उभं राहिल्यावर डोळ्यांना काम काय? समोरच्या पाट्या. ‘थुंकू नये’ — हे मी आयुष्यात वाचलेलं पहिलं वाक्य, तिसऱ्या शाखेत, बंदरावर. घामच फुटला मला, की अरे, हे बोलतंय माझ्याशी! मग ‘सुटे पैसे मागू नयेत’. मग पावत्या. मग फॉर्म. विसाव्या शाखेपर्यंत मी बँकेचा वार्षिक अहवाल वाचत होते, उभ्या उभ्या, पान पान. पंचविसाव्या शाखेला साहेबांना सांगितलं, ‘ह्या वर्षी ठेवी वाढल्यात पण कर्जं चुकीच्या माणसांना दिलीत, तो बर्फाच्या कारखान्यावाला बुडवणार.’ बुडवलं त्याने. मला कुणी विचारायला आलं नाही पुन्हा, पण बुडवलं. आणि माझी सून मला मोबाइलवर बोट कुठे दाबायचं ते शिकवते!

फसवणूक? — काय शब्द वापरलास? परत म्हण. — म्हणजे ही तीस माणसं तू भाड्याने आणून उभी केलीस, ती काय आहे मग? नाटक? बरं. तुमचं ते नाटक आणि आमची ती फसवणूक. तीस जणांचे कपडे इस्त्रीचे आहेत म्हणून असेल. अगं, तुझे हे उद्या घरी जातील, मागे कुणी उरणार नाही. आमच्या मागे उरायची ती खरी माणसं, खऱ्या पिशव्या घेऊन. कुणाचा पैसा बुडाला? एकाचाही नाही. बुडवला तो फक्त बर्फवाल्याने. आणि तो साहेबांचा साडू होता.

एकदाच, एकदाच हातून चूक झाली. सातवी शाखा. सांगू नये खरं तर, पण आता एवढं सांगितलं. भर उन्हाळा, पत्र्याचं छप्पर, आणि ही पहिली शाखा जिथे खिडक्या दोन होत्या — एकीवर पाटी ‘पैसे भरणे’, एकीवर ‘पैसे काढणे’. पंखा एकच. आणि तो, सांग बघू कुठे? काढायच्या खिडकीवर! तेव्हा मला ‘थुंकू नये’ येत होतं, ‘भरणे’-‘काढणे’ अजून आलं नव्हतं. बायका म्हणाल्या, जीव चाललाय, पंख्याखाली उभं राहू. मी म्हटलं, चला. सरकलो. आणि माझ्याच शिकवणीप्रमाणे झकास कुरकुरत होतो — ‘आत काय झोपलेत का’, ‘कधी मिळणार’, ‘मागच्या दाराने वशिल्याचे लोक नेतात सगळं’. आता तू रस्त्यावरून चालली आहेस असं समज. तुला काय दिसतं? बारा बायका, नव्या बँकेतून घाईघाईने पैसे काढतायत, आणि मागच्या दाराने बडे लोक आधीच घेऊन गेलेत. तासाभरात चहावाला आला. मग चांभार. मग सगळी बाजारपेठ. दुपारपर्यंत ट्रक उभा राहायला जागा नव्हती, आणि सगळ्यांच्या हातात पासबुकं. हेडक्लार्कचा डबा पहिल्या वीस माणसांत खालच्या पुडापर्यंत खरवडला. त्याने वरच्या पुडातलं स्वतःचं जेवणही देऊ केलं असतं, इतका घाबरला होता.

साहेब धावत आले. खुर्चीवर चढून म्हणाले, ‘घाबरण्याचं काही कारण नाही!’ — असं कधी म्हणू नये गं. त्या एका वाक्याने पलीकडची गल्ली पण आली.

मग? मग काय, मी बघितलं, हे माझ्या रांगेने केलंय, रांगेनेच निस्तरायला हवं. जावेला म्हटलं, चल, दुसऱ्या खिडकीला. बारा जणी तशाच, एकीमागे एक, ठसक्यात सरकलो तिकडे. गर्दी बावचळली. रांगेचं डोकंच दुसरीकडे गेलं म्हटल्यावर शेपटीने काय करायचं? निम्मे आमच्या मागे आले, सवयीने. पण नुसतं सरकून भागतंय होय? ‘पैसे भरणे’च्या खिडकीपुढे मी, मागे दोनशे डोळे, पिशवीत साहेबांच्या नोटा नाहीत, त्या सकाळीच भरून झालेल्या. कारकून माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मग मी पाठ फिरवली, कमरेची थैली सोडली, आणि माझे होते ते काढून खिडकीत ठेवले. डॉक्टरकडचे, रांगेतले, नवऱ्याला माहीत नसलेले, सगळे. मोठमोठ्याने मोजले. एकेक नोट. ‘नीट लिहा हो,’ म्हटलं, ‘कष्टाचे आहेत.’ मग चहावाल्याने काढलेले परत भरले. चांभाराने भरले. खिडकीपर्यंत पोचलेला माणूस रिकाम्या हाताने परतायला लाजतो, तेवढ्यावर वाचली बँक. साहेब खुर्चीवरून उतरायचे विसरले होते.

कसली थैली? — कमरेची. माझी. — हो, सगळे पैसे तिच्यातच असायचे. — बँकेत? माझे स्वतःचे? बँकेत कशाला ठेवू मी? डोकं फिरलंय का माझं? तो डबा मी बघितला होता! — आता हसू नको म्हटलं ना. हलवायाने काय आपल्याच दुकानातलं खायचं असतं का तिन्ही त्रिकाळ? दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी दारात होते मी, काढून आणले सगळे. आणि एका रात्रीचं व्याज मागितलं. दिलं साहेबांनी, स्वतःच्या खिशातून, दोन नाणी. म्हणाले, ‘बाई, एक रात्र का होईना, काल ह्या बँकेत खरा विश्वास ठेवणारं एकच माणूस होतं.’ मी म्हटलं, ‘ठेवला कुठे, डोळ्याला डोळा लागला नाही माझा.’ — तरी पण ठेवले होतेच ना गं? काढले, पण ठेवले होते. मग मी ग्राहक होते की नव्हते? एका रात्रीची का होईना, होते की नाही? सांग.

दे तो कागद इकडे. नाही, तोच, जो पाठीमागे लपवतेयस. आत्तापर्यंत सगळे वाचून दाखवलेस, हा एक का नाही? — वाचता येतं मला, सांगितलं ना उभ्या उभ्या शिकले, फक्त चष्मा... हां. ‘कार्यक्रमाची रूपरेषा. अकरा वाजता माननीय अध्यक्षांचे आगमन.’ बरं. ‘अकरा वाजून पाच मिनिटे. खाते क्रमांक एकच्या धारक, बँकेच्या पहिल्या ग्राहक, दिवंगत’ — दिवंगत? — ‘दिवंगत श्रीमती’ — अगं हे माझं नाव आहे! हे माझं नाव आहे, आणि पुढे ‘दिवंगत’ कुणी लावलं? ‘यांच्या स्मृतीस सर्वांनी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहून आदरांजली वाहणे. त्यानंतर अल्पोपाहार.’

मेले मी? कधी? कुणाला विचारून? — खातं चाळीस वर्षं हललं नाही म्हणून? हललं नाही कारण मी हलवलं नाही! त्यात दोन नाणी आहेत, साहेबांच्या व्याजाची, तीही परत नेऊन टाकली होती मी, मोडायची नव्हती म्हणून. — पत्र पाठवलं होतं? कुठल्या पत्त्यावर? डॉक्टरच्या? तो डॉक्टर तर माझ्याआधी गेला! पत्र परत आलं म्हणून तुम्ही माणसाला सरळ वर पाठवता? वा रे बँक! चारशे शाखा, बत्तीस मजले, दहा हजार संगणक, आणि एवढ्यातल्या एकाला उठून येऊन बघता आलं नाही, की बाई आहे का गेली! मोठ्या साहेबांनी येऊन बघितलं असतं. टोपी हातात घेऊन, मागच्या दाराने. त्यांनी तर खोटी रांग लावायलासुद्धा जिवंत माणसं घेतली होती!

रडतेस कशाला? ए पोरी. — नोकरी जाईल तुझी? — पहिलंच काम आहे? — आणि पुरी बँक तुझ्या कागदावर सही करून बसलीय? ह्यांच्या सगळ्या वरच्या साहेबांनी वाचून सह्या केल्यात? पुसू नको असं बाहीने, काजळ पसरतंय. हे घे, धुतलेला रुमाल आहे. — हे बघ, तुझं काही चुकलं नाही. तुला मेलेली बाई दिली होती, तू तिचा कार्यक्रम नीट बसवलास. अल्पोपाहारसुद्धा ठेवलास. आता ती आली उठून, तर त्यात तुझा काय दोष? — काय सांगायचं धाकट्या साहेबांना? मला काय विचारतेस? — आली का गाडी? काळी ती? मागे आणखी दोन? सगळे उतरतायत? — त्या साबणवालीला सांग, अशी कोपर मारू नको, ह्याच्यात मी तुझ्यापेक्षा पन्नास वर्षं जुनी आहे. — ‘आजी, प्लीज’? ‘फक्त दोन मिनिटं बाजूला व्हा, आम्हाला स्तब्ध उभं राहायचंय’? कुणासाठी गं? माझ्यासाठीच ना?

मग राहा की उभे सगळे — माझ्या मागे.